वर्गात डिजिटल फळा आलाय, आता सोमवारचा तास कसा घ्यायचा?

वर्गाच्या भिंतीवर टच पॅनेल लागलं की सुरुवातीला त्याच्यावर दोनच कामं होतात: व्हिडिओ लावणं आणि पीपीटी दाखवणं. ही कामं साधा प्रोजेक्टरही करतो. पॅनेलचा खरा उपयोग वेगळा आहे. त्याच्यावरची गोष्ट हाताने हलवता येते, हवी तेव्हा झाकता-उघडता येते, चित्रावर किंवा मजकुरावर थेट लिहिता येतं, आणि काल लिहिलेलं आज जसंच्या तसं परत उघडता येतं. तासात यातलं काहीच घडणार नसेल तर खुशाल खडू उचला. खडूला चालू व्हायला वेळ लागत नाही.

प्रशिक्षणात सगळी बटणं दाखवून होतात, पण सोमवारी पहिल्या तासाला उभं राहून नेमकं करायचं काय, हे बहुतेक वेळा राहूनच जातं. ते इथे क्रमाने पाहू.

समोर काय आहे ते ओळखा

स्मार्ट बोर्ड या नावाने सगळ्यांनाच हाक मारली जाते. ते नाव मुळात एका कॅनेडियन कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या बोर्डाचं. आज वर्गात दिसतात ते मुख्यतः दोन प्रकार. एकात प्रोजेक्टर आणि पांढरा बोर्ड अशी जोडी असते. दुसऱ्यात मोठ्या टीव्हीसारखं सपाट पॅनेल असतं.

प्रोजेक्टरवाली जोडी असेल तर कॅलिब्रेशन शिकून घ्या. पडद्यावर एकेक खूण उमटते, तिच्यावर पेन टेकवत जायचं, एवढंच असतं ते. प्रोजेक्टरला कुणाचा धक्का लागला की पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे, असं होतं. तेव्हा पेन बिघडलं म्हणून तक्रार करण्याआधी कॅलिब्रेशन करून पाहा.

सपाट पॅनेलपैकी बऱ्याच पॅनेलांच्या चौकटीत इन्फ्रारेड किरणांची जाळी असते. दोन कडांवरून न दिसणारे किरण निघतात आणि समोरच्या कडांवरचे सेन्सर ते टिपतात. बोट मध्ये आलं की किरण अडतो आणि स्पर्श कुठे झाला ते पॅनेलला कळतं. हे एकदा ध्यानात आलं की पुढची अर्धी कोडी आपोआप सुटतात. किरण अडवणाऱ्या कुठल्याही वस्तूला पॅनेल बोटच समजतं: सैल बाही, गळ्यातलं लोंबणारं ओळखपत्र, चौकटीच्या कडेला साचलेली खडूची भुकटी, काचेवर बसलेली माशीसुद्धा. फळ्यावर आपोआप रेघा उमटू लागल्या तर आधी या गोष्टी तपासा. याची चांगली बाजूही आहे. खास पेन नसलं तरी अडत नाही, टोपण लावलेल्या साध्या पेनानेही काम भागतं.

वायरींचा घोळ

नव्या माणसाची पहिली फजिती इथे होते, म्हणून जरा थांबून पाहू. लॅपटॉप जोडायला बहुधा दोन वायरी लागतात. एचडीएमआयची वायर चित्र आणि आवाज पॅनेलकडे नेते. बोट कुठे टेकलं ही माहिती मात्र उलट, पॅनेलकडून लॅपटॉपकडे यावी लागते आणि ती यूएसबीच्या वेगळ्या वायरीने येते. पॅनेलवर तिची खाच चौकोनी असते आणि शेजारी ‘टच’ असं छापलेलं असतं. चित्र दिसतंय, आवाज येतोय, पण बोट लावून काही हलत नाही, अशी अवस्था असेल तर ही दुसरी वायर पाहा. काही पॅनेलांत एचडीएमआयच्या एक नंबरच्या खाचेबरोबर टचचीही एक नंबरचीच खाच वापरावी लागते.

यूएसबी २.० च्या वायरीची मर्यादा ५ मीटर आहे. टेबल त्याहून लांब असेल आणि मध्ये साधी जोडवायर लावलेली असेल तर टच मधूनच जातो. लॅपटॉप आणि पॅनेल दोन्हींना चित्र वाहून नेणारी यूएसबी-सी खाच असेल तर एकाच वायरीत सगळं होतं. तशी सोय असेल तर तीच वापरा.

आणखी एक नेहमीची अडचण. विंडोजमध्ये स्क्रीन ‘एक्स्टेंड’वर असेल, म्हणजे लॅपटॉपवर एक आणि पॅनेलवर दुसरं दिसत असेल, तर पॅनेलला बोट लावल्यावर बाण लॅपटॉपच्या पडद्यावर पळतो. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. दोन वेगळे पडदे हवेच असतील तर कंट्रोल पॅनेलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये जाऊन टच कोणत्या पडद्याचा ते एकदा सांगावं लागतं.

लॅपटॉप नसला तरी पॅनेलमध्ये स्वतःची अँड्रॉइड प्रणाली असते. फळा, ब्राउझर आणि पेनड्राइव्हवरच्या फायली यांसाठी ती पुरते. काहींच्या पाठीमागे किंवा कडेला खाच असते, तिच्यात ओपीएस नावाचा छोटा संगणक बसवता येतो. तो असेल तर वर्गात लॅपटॉप न्यायची गरजच उरत नाही.

रिकाम्या वर्गात, शेवटच्या बाकावर

पहिल्या तासाआधी वर्ग रिकामा असताना पॅनेलवर काहीतरी लिहा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसा. मग दोन्ही टोकांच्या बाकांवर बसून पाहा. खिडकीचा उजेड काचेवर कुठून पडतो ते इथूनच कळतं. पॅनेलसमोर उभं राहिलं की सगळं ठीकच वाटतं.

मजकूर वाचायचा असेल तर सर्वांत लांबचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीहून दूर नसावा, असा दृकश्राव्य क्षेत्रात वापरला जाणारा एक अंदाज आहे. ७५ इंची पॅनेल ऐकायला अवाढव्य वाटतं, पण ते ७५ इंच तिरपे मोजलेले असतात. त्याची उंची भरते जेमतेम ९३ सेंटिमीटर. म्हणजे साडेपाच मीटरपलीकडच्या बाकांसाठी अक्षर मोठंच करावं लागणार. ८६ इंचीची उंची सुमारे १०७ सेंटिमीटर असते, तिथे ही मर्यादा ६.४ मीटरच्या आसपास जाते.

देवनागरीत आणखी थोडी काळजी घ्यावी लागते. रोमन अक्षरं ज्या आकारात सहज वाचता येतात, त्याच आकारात आपली जोडाक्षरं काळा ठिपका होतात. ‘द्ध’ आणि ‘द्व’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ शेवटच्या बाकावरून वेगळे ओळखू येतात का ते पाहा. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींमधलं अंतरही वाढवा. एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त मजकूर मला तरी कधी नीट वाचता आलेला नाही.

फॉन्टचा प्रश्न तर हमखास येतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका किंवा टिपणं पॅनेलच्या अँड्रॉइडवर उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांची खिचडी दिसते, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. जुनं साहित्य लॅपटॉपवरच पीडीएफ करून घ्या, फॉन्ट फाइलबरोबरच जातो. नवं सगळं युनिकोडमध्ये करा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखे जाड-सुबक फॉन्ट लांबून चांगले दिसतात.

रंगांबाबत एक गोष्ट. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारी मुलं बऱ्याच वर्गांत असतात आणि त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. ‘लाल शब्द चुकीचे, हिरवे बरोबर’ अशी मांडणी करू नका. रंगाच्या जोडीला फुली, बरोबरची खूण किंवा अधोरेखा द्या.

पहिला आठवडा फक्त फळा

पहिल्या आठवड्यात पॅनेल साधा फळा म्हणूनच वापरा. पेन, खोडणं, नवं पान आणि सेव्ह ही चार बटणं न शोधता सापडली पाहिजेत. बाकीच्या पंचवीस बटणांकडे तूर्त बघू नका.

लिहिताना शरीर पॅनेलच्या एका बाजूला ठेवा. खडूने लिहिताना मनगट फळ्याला टेकवायची सवय असते, इथे मात्र टेकलेलं मनगट दुसरा स्पर्श ठरतं. बऱ्याच पॅनेलांत तळहात टेकला की खोडलं जातं. सोय म्हणून ते उत्तम आहे, पण अर्धं गणित पुसलं गेल्यावर तसं वाटत नाही. अनुस्वार, नुक्ता, दशांशचिन्ह हे ठिपके घाईत दिले तर कधीकधी उमटतच नाहीत. तिथे पेन क्षणभर टेकवून उचला. ‘३.५’चे ‘३५’ व्हायला एवढंच कारण पुरतं.

खालच्या वर्गांतल्या मुलांचा हात वरपर्यंत पोचत नाही. त्यांनी हलवायच्या गोष्टी पडद्याच्या खालच्या निम्म्या भागात ठेवा.

एका तासात एकच प्रयोग

आता मुख्य गोष्ट. नव्या साधनाबरोबर उत्साहही येतो आणि एका तासात व्हिडिओ, क्विझ, अॅनिमेशन, टाळ्यांचा आवाज असं सगळं भरलं जातं. अमेरिकी शिक्षणसंशोधक रॉबर्ट मार्झानो यांनी २००९ मध्ये ८५ शिक्षकांच्या १७० वर्गांचा अभ्यास मांडला. प्रत्येक शिक्षकाने तोच पाठ एकदा इंटरॅक्टिव्ह बोर्डावर आणि एकदा बोर्डाविना शिकवला होता. सरासरी काढली तर बोर्डामुळे १६ पर्सेंटाइलची वाढ दिसली. या अभ्यासामागे बोर्ड बनवणाऱ्याच एका कंपनीचा पैसा होता, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा: २३ टक्के वेळा बोर्डाविना शिकवलेल्या तासाचाच निकाल सरस होता. तिथे काय बिघडलं? मुलांची उत्तरं मतदानयंत्रांवर घेतली पण त्यांचं पुढे काहीच केलं नाही. मजकूर भराभर सरकवला. चित्रांची गर्दी केली. बरोबर उत्तरावर वाजणाऱ्या टाळ्यांकडेच सगळ्यांचं लक्ष गेलं. लंडनच्या शाळांमध्ये बोर्ड बसवल्यानंतरच्या मूल्यमापनाचा २००७ चा अहवालही पहिल्या वर्षात निकालांवर लक्षणीय परिणाम न दिसल्याचंच सांगतो.

म्हणून तासात एकच जागा निवडा, जिथे काहीतरी हलल्याने मुलांना कळणार आहे. ते हलवण्याआधी प्रत्येकाला अंदाज वहीत लिहायला लावा. हा अंदाज वगळला की उरतो तो नुसता तमाशा.

गणितात जिओजेब्रा हे मोफत साधन हाताशी ठेवा, ते २००१ पासून आहे. एक त्रिकोण काढा, तिन्ही कोन आणि त्यांची बेरीज दिसू द्या. आता विचारा, ‘वरचा बिंदू उजवीकडे ओढला तर बेरीज वाढेल, घटेल की तेवढीच राहील?’ उत्तर वहीत येऊ द्या आणि मगच बिंदू ओढा. बेरीज १८० वरच अडून राहते. पुढचा प्रश्न जास्त मजेचा आहे: बिंदू खाली खाली नेत पायाच्या रेषेवर आणला, तर? एक कोन १८० अंशांचा होतो, उरलेले दोन शून्य होतात आणि हा त्रिकोण म्हणायचा का यावर वर्गात भांडण पेटतं. ते पेटू द्या.

विज्ञानासाठी फेट प्रकल्पाची सिम्युलेशन्स आहेत. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यांतली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही मिळतात आणि आधी उतरवून ठेवली तर इंटरनेट नसतानाही चालतात. विद्युतमंडलाचं सिम्युलेशन घ्या. एकसर जोडणीत दोन दिवे लावा आणि विचारा, ‘तिसरा जोडला तर पहिल्याचा उजेड तसाच राहील का?’ पहिल्या दिव्याजवळ काहीच बदललं नाही, मग त्याचा उजेड का बदलेल, असं पुष्कळ मुलांना वाटतं. तो समज डोळ्यांदेखत मोडतो. खरी तार आणि खरी बॅटरी असेल तर ती आधी वापरा, सिम्युलेशन नंतर. चटका न बसणाऱ्या विजेवर मुलांचा पुरता विश्वास बसत नाही, आणि ते बरोबरच आहे.

भूगोलात गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं आहेत. अरल समुद्र उघडा. वर्ष १९८४ वर थांबवून एका मुलाला किनाऱ्यावरून पेन फिरवायला सांगा. मग वर्षं पुढे सरकू द्या. काढलेली रेघ जागच्या जागी राहते आणि पाणी तिच्यापासून लांब जातं. अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी १९६० च्या दशकापासून शेतीकडे वळवलं गेलं, हे वाक्य यानंतर सांगा, आधी नको. एक अडचण येऊ शकते: काही पॅनेलांत पेन सुरू केलं की खालचं चित्र गोठतं. तसं असेल तर दोन वर्षांची चित्रं टिपून फळ्यावर शेजारी-शेजारी ठेवा.

भाषेच्या तासाला मात्र कुठलंच खास अॅप लागत नाही. ‘मी’, ‘काल’, ‘आईला’, ‘पत्र’, ‘लिहिलं’ हे पाच शब्द पाच चौकटींत लिहा आणि मुलांना ते हलवू द्या. ‘पत्र मी काल आईला लिहिलं’ आणि ‘आईला मी काल पत्र लिहिलं’, दोन्ही वाक्यं चालतात, पण जोर कशावर आला? कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून कोणतं वाक्य शोभेल? एका तासाचं काम यात निघतं. फक्त हलवायच्या चौकटी सोडून बाकी सगळं ‘लॉक’ करा, नाहीतर पहिल्याच ओढाताणीत शीर्षक खाली येतं.

एक जण फळ्याशी, बाकीचे काय करतात?

एक मूल फळ्याशी जाऊन चित्र ओढतं आणि बाकी वर्ग त्याच्या पाठीकडे बघत बसतो. पॅनेलवरच्या बऱ्याच उपक्रमांचं हेच होतं. उपाय साधा आहे. आधी सगळे वहीत किंवा पाटीवर उत्तर लिहितील, शेजाऱ्याशी बोलतील, त्यानंतरच कुणीतरी पुढे येईल. पुढे येणाऱ्याने स्वतःचं नव्हे तर शेजाऱ्याचं उत्तर मांडायचं, असा नियम केला तर मुलं एकमेकांचं ऐकूही लागतात.

सगळ्यांची उत्तरं एकदम हवी असतील तर मुलांच्या हातात उपकरणं असलीच पाहिजेत असं नाही. प्लिकर्समध्ये प्रत्येकाला एक छापील कार्ड मिळतं. ते चार दिशांपैकी ज्या दिशेने धराल तो पर्याय. शिक्षक एका फोनच्या कॅमेऱ्याने वर्गावरून नजर फिरवतो आणि उत्तरं पडद्यावर येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो, ६३ कार्डांचाही मिळतो. निम्म्या वर्गाने चुकीचा पर्याय निवडला असेल तर पुढचा प्रश्न घेऊ नका, तिथेच थांबून तो पर्याय का पटला ते विचारा. मार्झानोंच्या अभ्यासातले शिक्षक नेमके इथे घसरले होते.

आणि माझ्या मते पॅनेलचा सर्वांत चांगला उपयोग: मुलाची वही पडद्यावर दाखवणं. डॉक्युमेंट कॅमेरा असेल तर उत्तम, नसेल तर फोनची स्क्रीन पॅनेलवर घ्या आणि कॅमेरा वहीवर धरा. गणितात कुठली पायरी घसरली ते सगळे मिळून शोधतात, त्याच्यावरच गोल करतात. नाव झाकून घ्या आणि आधी मुलाची परवानगी विचारा. फोन जोडण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करायला विसरू नका, घरचे निरोप वर्गाने वाचायचं कारण नाही.

फायली तुमच्या हातात ठेवा

तास संपला की फळा पीडीएफमध्ये सेव्ह करा आणि नावात तारीख, इयत्ता, विषय घाला. ‘अनटायटल्ड ४७’ पुन्हा कुणाला सापडत नाही. पुढच्या तासाची सुरुवात याच पानाने करा. काल कुठे थांबलो होतो ते मुलंच सांगतात.

प्रत्येक कंपनीच्या फळ्याची फाइल वेगळ्या प्रकारची असते आणि ती दुसरीकडे उघडेलच असं नाही. गूगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला, तेव्हा अनेक शिक्षकांना वर्षानुवर्षांचं साहित्य दुसरीकडे हलवावं लागलं. मूळ फाइल ठेवाच, पण पीडीएफची प्रतही ठेवा. ओपनबोर्डसारखं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असेल तर घरी केलेली तयारी कुठल्याही कंपनीच्या पॅनेलवर चालते.

सामायिक पॅनेलवर स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं असेल तर वर्ग सोडताना लॉगआउट करा. गुणपत्रकं पॅनेलच्या मेमरीत ठेवू नका, आणि पासवर्ड पडद्यावरच्या कीबोर्डवर वर्गासमोर टाइप करू नका. कोणती अक्षरं दाबली जातात ते शेवटच्या बाकावरूनही दिसतं.

अडलं तर

टच वेडावाकडा चालत असेल तर चौकटीची आतली कड कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पॅनेल पुन्हा चालू करा. काच पुसताना पॅनेल बंद हवं. मायक्रोफायबरचं कापड किंचित ओलं करा, पाणी थेट काचेवर फवारू नका, ते चौकटीत उतरतं. शेजारीच खडूचा फळा असेल तर ही साफसफाई आठवड्यातून एकदा तरी लागतेच.

आवाज येत नसेल तर लॅपटॉपचा आवाज कुठे जातोय ते बघा, बहुधा तो लॅपटॉपच्याच स्पीकरवर अडकलेला असतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर पॅनेलच्या चित्रसेटिंगमध्ये आकाराचा पर्याय बदला. ‘अपडेट करायचं का?’ असा प्रश्न सकाळी आला तर ‘नंतर’ म्हणा आणि सुट्टी झाल्यावर करा. वीज जाण्याची शक्यता असेल तिथे ओपीएस संगणकाला यूपीएस हवा, वारंवार झटक्यात बंद पडून त्यातली विंडोज बिघडते.

तीन मिनिटांत पॅनेल सुरू झालं नाही तर नाद सोडा आणि खडूने शिकवायला घ्या. त्यासाठी टिपणवहीत त्याच पाठाची फळ्यावरची आकृती आधीच काढलेली असू द्या. दुरुस्ती मधल्या सुट्टीत करा.